जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक पाइप

मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल चाकांपर्यंत नेणारा धातूचा बारीक पाइप म्हणजे ब्रेक पाइप. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या बहुतेक छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये त्याचा बाहेरचा व्यास ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर असतो आणि भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची. जोरात ब्रेक मारला की आतला दाब ७० ते १०० बारपर्यंत चढतो. टायरमध्ये हवा असते ती दोन बारच्या आसपास. एवढा भार सोसणारा हा भाग गाडीच्या पोटाखाली असल्याने नजरेला पडत नाही. म्हणूनच रंग, क्रोम, सीटकव्हर आणि कार्ब्युरेटर यांवर हजारो रुपये खर्च झालेल्या गाडीतही कारखान्यातून आलेले पाइप पन्नास-साठ वर्षे तसेच राहिलेले आढळतात.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची कल्पना माल्कम लॉकहीड याने १९१७ मध्ये पेटंट केली. १९२१ मध्ये अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग गाडीत ती चारही चाकांना लागली. ब्रिटनमध्ये हा मान १९२४ च्या ट्रायम्फ १३/३५ या गाडीकडे जातो. स्पोर्ट्स कारवाले मात्र बराच काळ केबल आणि दांड्यांवर विश्वास ठेवून होते. एमजीची मिजेट १९३६ च्या टीए मॉडेलपासून हायड्रॉलिक झाली, त्याआधीच्या मिजेट केबलच्या होत्या. पाइपचा धातू मात्र फार लवकर ठरून गेला. डेट्रॉइटमध्ये १९२०च्या दशकात बंडी कंपनीने पोलादी पत्रा दोन वेढे गुंडाळून, मधे तांब्याचा डाक देऊन पाइप बनवायला सुरुवात केली. हा दुपदरी पाइप मजबूत, स्वस्त आणि वाकवायला सोपा होता. पुढची कित्येक दशके जगभरच्या गाड्यांत तोच बसत राहिला. त्याचा एकच दोष: तो गंजतो.

पुण्यात अशा गाड्या दोन वाटांनी आल्या. एक वाट लष्करी छावणीतल्या अधिकाऱ्यांची, परदेशी नोकरदारांची आणि हौशी घराण्यांची. एमजी, ट्रायम्फ, क्वचित जॅग्वार असल्या आयात गाड्या तिने आल्या. दुसरी वाट देशी, आणि सुट्या भागांच्या दृष्टीने तीच जास्त उपयोगी. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ मध्ये स्टँडर्ड हेरल्ड बाजारात आणली. ती ट्रायम्फ हेरल्डचे भारतीय रूप होती आणि तिची आखणी इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांची. याच हेरल्डच्या सांगाड्याची लांबी कमी करून, त्यावर दोन आसनी उघडे कलेवर चढवून १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर काढली. त्यामुळे स्पिटफायरच्या मालकाला ब्रेकचे काम करताना भारतीय हेरल्ड अनेकदा मार्गदर्शक ठरते: मागच्या चाकांची स्वतंत्र मांडणी, चार लवचिक होज आणि सांगाड्याच्या कडेने जाणारे पाइप हे दोन्हींत सारखेच आहे. मोठा फरक पुढे आहे. स्पिटफायरला पुढे गर्लिंगच्या डिस्क आहेत, भारतीय हेरल्डला चारही चाकांना ड्रम.

पाइप खराब होण्याची कारणे जागेप्रमाणे बदलतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्यामुळे पाइप बाहेरून कुजतात. पुण्यात ते संकट नाही. इथे दोन गोष्टी घातक ठरतात. पहिली म्हणजे चिखल. जून ते सप्टेंबर या काळात उडालेला गाळ पाइप धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपांमागे साचतो, पाऊस ओसरला तरी तिथली ओल हटत नाही, आणि नेमका क्लिपेखालचा इंचभर भाग गंजतो. वरून चकचकीत दिसणारा पाइप क्लिप सोडवल्यावर नखाने खरवडला तरी पापुद्रे सोडतो. म्हणून क्लिपा न काढता केलेल्या तपासणीला फारसा अर्थ नसतो. दुसरी गोष्ट आतली. ग्लायकॉल जातीचे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असली तरी हे शोषण थांबत नाही. मग पाइप आतून गंजतो, व्हील सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडतात आणि रबरी वायसर त्या खड्ड्यांवरून घासून फाटतात. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर सडते, आणि पुण्यातल्या बहुतेक जुन्या स्पोर्ट्स कार उभ्याच असतात.

यात गतिरोधकांची भर पडते. आधीच ठेंगण्या असलेल्या या गाड्यांचे पोट उंचवट्यावर घासते आणि सांगाड्याच्या कडेबाहेर डोकावणारा पाइप चेपतो. मूळ आखणीत पाइप कडेच्या आतल्या खोबणीत असतो. नंतर कोणीतरी सोयीसाठी तो खालून ओढलेला असला तर तो पहिल्यांदा वर घ्यावा. सर्व्हिस स्टेशनातल्या डिझेल वॉशचाही पुनर्विचार व्हायला हवा. खालून डिझेल फवारले की कमानी आणि सांगाडा तेलकट राहून गंजापासून वाचतात हे खरे, पण ब्रेकच्या होजचे रबर खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. पोलादाला जे चांगले तेच होजला वाईट.

पाइप बदलायचे ठरले की धातूची निवड पुढे येते. पोलादी दुपदरी पाइप आता जस्ताचा किंवा प्लास्टिकचा लेप देऊन मिळतो आणि मूळ रूप जपणाऱ्याला तोच योग्य. तांबे-निकेलचा पाइप, ज्यात साधारण ९० टक्के तांबे, १० टक्के निकेल आणि थोडे लोखंड व मँगेनीज असते, गंजत नाही, हाताने वाकतो आणि त्याची तोंडे सुबक होतात. व्होल्वोने १९७६ मध्ये तो आपल्या गाड्यांत वापरायला सुरुवात केली. पुण्याच्या हवेत आणि पुण्याच्या हत्यारांत तोच सर्वांत उजवा, मग तो मुद्दाम मागवावा लागला तरी चालेल. स्टेनलेस स्टील दिसायला देखणे असते, पण कडक असल्याने त्याचे तोंड बसणीवर नीट दबत नाही आणि जोड पाझरत राहतो. प्रदर्शनाच्या गाडीखेरीज त्याच्या नादी लागण्यात शहाणपण नाही.

शुद्ध तांब्याच्या पाइपबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण इथे चूक होते ती त्याच्याच बाबतीत. फ्रीज आणि एसीच्या कामाचा ३/१६ इंची मऊ तांब्याचा पाइप कुठेही सहज मिळतो, स्वस्त असतो, आणि तोंड फुलवायचे फ्रीजवाल्याचे हत्यार बऱ्याच गॅरेजांत पडलेले असते. पाइप लागला, जोड घट्ट झाला, पॅडलही टणक लागले की काम झाले असे वाटते. पण तांबे सततच्या थरथरीने कडक आणि ठिसूळ होत जाते आणि शेवटी तोंडाच्या मुळाशी भेगाळते. ब्रिटनमध्ये खास ब्रेकसाठी बनवलेला तांब्याचा पाइप विकला जातो आणि वापरलाही जातो, हे खरे. पण तो वेगळ्या मानकाचा माल, फ्रीजचा पाइप नव्हे. शिवाय फ्रीजच्या हत्याराने होते ते एकपदरी फुललेले तोंड, आणि जिथे दुपदरी तोंड हवे तिथे ते चालत नाही.

या कामातली खरी कसोटी पाइपच्या लांबीत नसून दोन टोकांना आहे. तोंडाचे मुख्य प्रकार दोन. एकात पाइपची कड आधी आत दुमडून मग ४५ अंशांत उलटी फुलवतात. हे दुपदरी, खोलगट तोंड. दुसऱ्यात कड बाहेर फुगवून फुग्यासारखा गोल करतात. हे फुगीर तोंड. जुन्या ब्रिटिश गाड्यांची गंमत अशी की दोन्ही प्रकार एकाच गाडीत, कधी एकाच पाइपच्या दोन टोकांना असतात. बाहेरून आटे असलेल्या नटला सहसा फुगीर तोंड लागते आणि आतून आटे असलेल्या नटला खोलगट. चुकीचे तोंड बसणीवर ठेवून पाना ओढला तर तेही दबते आणि काही दिवस पाझरतही नाही. म्हणून जुना पाइप फेकून देण्याआधी प्रत्येक टोक भिंगाखाली पाहावे आणि त्याला खुणेची चिठ्ठी बांधावी.

दुपदरी तोंड करायची रीत अशी. पाइप करवतीने न कापता चाकाच्या कटरने, दर फेऱ्याला थोडे थोडे आवळत कापायचा. कापल्यावर कड कानशीने सरळ करायची आणि आतला बुरा काढायचा. नट आधीच पाइपवर ओवून ठेवायचा. तोंड झाल्यावर तो चढत नाही, आणि हा विसर नवख्यांपासून मुरलेल्यांपर्यंत सगळ्यांना पडतो. मग पाइप पकडीत आवळायचा, साच्याच्या खांद्याइतकीच उंची बाहेर ठेवायची, कडेला ब्रेक ऑइलचा थेंब लावायचा, पहिल्या दाबात साचा आणि दुसऱ्या दाबात शंकू. तोंड एकसारखे गोल हवे. ते एका बाजूला कललेले किंवा कडेला केसभर चीर गेलेले दिसले तर टोक कापून पुन्हा सुरुवात. पाखाच्या नटने आवळायच्या स्वस्त पकडीत पाइप सरकतो आणि तोंड वाकडे होते. बाकावर बसवायचे हायड्रॉलिक हत्यार महाग असले तरी पूर्ण गाडीच्या कामात पैसे वसूल होतात. एका गाडीच्या कामाला अशी डझनभर तोंडे सहज लागतात.

दुसरी कसोटी आट्यांची, आणि ती पुण्यात जास्त अवघड. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात मिळणारे ब्रेक नट प्रामुख्याने मेट्रिक असतात, बहुतेक १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर आट्याचे. ट्रायम्फ किंवा एमजीला लागणारा नट ३/८ इंच यूएनएफ, इंचाला २४ आटे. ३/८ इंच म्हणजे ९.५२ मिलिमीटर आणि आट्यातले अंतर १.०६ मिलिमीटर. फरक इतका थोडा की हातात घेऊन ओळखू येत नाही. मेट्रिक नट इंची भोकात शिरत नाही, त्यामुळे ती चूक तिथल्या तिथे उघडी पडते. उलटा प्रकार धोक्याचा: इंची नट मेट्रिक भोकात ढिला का होईना जातो, दोन-तीन आटे पकडतो, घट्टही होतो आणि जोरात ब्रेक दाबल्यावर आटे खाऊन सुटतो. जुन्या गाडीत कधीतरी मारुतीचे किंवा टेम्पोचे मास्टर सिलिंडर बसवलेले असेल तर अशी सरमिसळ होण्याचा संभव सर्वांत जास्त. म्हणून आधी आटेमापक लावावा आणि नट पाना न लावता, बोटांनी शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात डब्यांतून निवडलेले नट वापरायला हरकत नाही, पण ते मापल्याशिवाय गाडीला लावू नयेत. नट मिळालाच नाही तर लेथवाल्याकडून पोलादाचा करून घेता येतो. पितळी नट करू नये असे नाही, पण त्याचे कोपरे पान्याखाली लवकर गोल होतात.

जुने पाइप काढताना नट पाइपला चिकटून त्यासकट फिरतो आणि पाइप दोरीसारखा पिळतो. पाइप टाकायचाच असल्याने तो नटजवळ कापून टाकावा आणि सहाकोनी गोट्याने नट काढावा. गंजतोडे तेल आदल्या दिवशी लावून ठेवले तर काम निम्मे होते. टॉर्चची आच देण्याचा मोह आवरावा, कारण ब्रेक ऑइल पेट घेते आणि शेजारचा होज वितळतो. निघालेला पाइप वाकड्यातिकड्या आकारासह जपून ठेवावा. नवा त्यावरच घडवायचा असतो. छोट्या दोन आसनी गाडीला साधारण साडेसात मीटरची एक गुंडाळी पुरते. पाइप आधी सरळ करून घ्यावा, वाकवताना गोल साच्याभोवती वाकवावा, चिमटा पडू देऊ नये. सायलेन्सरपासून अंतर ठेवावे आणि पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी कडे घालावे. मास्टर सिलिंडरजवळ मूळ पाइपला दोन-तीन वेटोळी दिलेली असतील तर ती शोभेची नसतात. कलेवर आणि सांगाडा यांची वेगवेगळी थरथर तिथे जिरते. मोजपट्टीत ती वाया गेलेली लांबी दिसते म्हणून गाळून टाकली जातात आणि पाइप सहसा तिथेच तुटतो. बसवण्याआधी प्रत्येक पाइपमधून कोरडी हवा मारावी.

लवचिक होज धातूच्या पाइपसोबतच बदलावेत. जुना होज आतून सुजतो आणि तेल एकाच दिशेने जाऊ देतो: ब्रेक लागतो, पण सुटत नाही. मग एक चाक तापत राहते आणि दोष व्हील सिलिंडरच्या माथी मारला जातो. होज घट्ट करताना तो स्वतः पिळला जात नाही ना हे पाहावे आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो टायरला घासत नाही याची खात्री करावी. मागे सलग अक्ष असलेल्या एमजीला होज तीन, स्पिटफायरला चार. जुन्या गाड्यांतला ब्रेक लाइटचा स्विचही तेलाच्या दाबावर चालतो आणि पाइपच्या तीनतोंडी जोडावर बसतो. तो पाझरत असल्यास कामाच्या सुरुवातीलाच बदललेला बरा.

तेलाच्या निवडीवर मालकांमध्ये वाद झडतात. डॉट ३ तेल कोरडे असताना २०५ अंश सेल्सियसला आणि पाणी शोषलेले असताना १४० अंशांना उकळते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पाणी शोषलेले म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी असलेले. पुण्यातून बाहेर पडणारा जवळपास प्रत्येक रस्ता घाटाचा आहे. दिवे घाट, खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना ड्रम सतत तापतात, जुन्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल थेट तळाला जाते. गाडी थंड झाली की पॅडल पुन्हा नेहमीसारखे लागते, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. सिलिकॉनचे डॉट ५ तेल पाणी शोषत नाही आणि रंगही खात नाही, म्हणून प्रदर्शनवाल्यांना आवडते. पण ते ग्लायकॉलच्या तेलात मिसळत नाही, आत शिरलेले पाणी खालच्या जागी थेंबाथेंबाने साचून तिथेच गंज चढवते आणि पॅडल किंचित मऊ लागते. सगळे पाइप, होज आणि वायसर नवे असतील तेव्हाच त्याचा विचार करावा. घाटात गाडी नेणाऱ्याने डॉट ४ घालावे आणि दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर बदलावे. रंगावर सांडले तर पुसू नये, लगेच भरपूर पाण्याने धुवावे. सुटे भाग पेट्रोल-रॉकेलने धुण्याची सवय इथे चालत नाही. उरलेला अंश नव्या वायसरांना फुगवतो. ताजे ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरावे.

नवे तेल भरल्यावर पाइपांत अडकलेली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत ते मागचे डावे. काही गाड्यांत मागच्या दोन चाकांना मिळून हवा काढायचा एकच निपल असतो आणि दुसरा शोधण्यात वेळ जातो. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवतात, एक जण पॅडल दाबून धरतो, दुसरा निपल उघडून बंद करतो, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हे चालते. मधे टाकीतले तेल संपू दिले तर सगळे पुन्हा. नंतर पूर्ण ताकदीने पॅडल मिनिटभर दाबून ठेवावे. ते हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची वायसर गेली आहे. प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवला की ओल लगेच दिसते. पहिली फेरी सपाट, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात घ्यावी, घाटात नव्हे. शंभरेक किलोमीटरनंतर जोड पुन्हा पाहावेत.

मूळ रूप किती जपायचे, हा प्रश्न शेवटी कायद्याशी येऊन भिडतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या, बिनव्यापारी दुचाकी आणि चारचाकीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते: क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. सांगाडा, कलेवर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. ब्रेक पाइप बदलणे हे देखभालीत मोडते आणि धातू बदलला तरी गाडीचे रूप बदलत नाही. एकाच मंडलाचे, म्हणजे चारही चाकांना मिळून एकच तेलमार्ग असलेले, ब्रेक दुहेरी करणे हा जास्त मोठा बदल. एकेरी मंडलात एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणूनच अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी मंडल सक्तीचे झाले आणि तिथे जाणाऱ्या एमजीबीलाही ते मिळाले. ज्या मॉडेलला कारखान्यानेच पुढे दुहेरी मास्टर सिलिंडर दिले, त्या मॉडेलला ते बसवण्यात कमीपणा काहीच नाही. ज्याला कधीच दिले गेले नाही, तिथे एकेरी मंडल ठेवणे समजण्यासारखे आहे. मात्र तिथे केबलवर चालणारा हँडब्रेक हाच एकमेव दुसरा उपाय उरतो. पाइपसाठी चाके आणि ड्रम उघडलेले असतात तेव्हाच त्याची केबल, खिळी आणि लायनर पाहून, उतारावर भरलेली गाडी धरून ठेवील इतपत तो आवळून घेतात.